सागवानी रिव्हॉल्व्हर

रास लफानच्या गेटवर शिपायाने साहेबांची पिशवी टेबलावर उपडी केली. हेल्मेट पडलं, हातमोजे पडले, पाना पडला, जेवणाचा डबा पडला आणि सगळ्यात शेवटी रिव्हॉल्व्हर पडलं. काळं कुळकुळीत. नळीला कुंकू फासलेलं, घोड्यात झेंडूची पाकळी अडकलेली. ते कुंकू आहे हे शिपायाला काय ठाऊक, त्याला लाल दिसलं. तो दोन पावलं मागे सरला आणि ओरडला. मागे कंपनीच्या बसमधली माणसं रांगेत उभी होती, ती धडाधड खाली बसली. साहेब एकटे उभे राहिले, दोन्ही हात वर करून.

ती पिशवी मी भरली होती.

मी तेव्हा अल खोरला साहेबांच्या घरात पोहे भिजवत होते. गेटवरचं सगळं मला नंतर कळलं. पण त्या पिशवीपायी एक तर साहेबांची नोकरी जाणार होती, नाहीतर माझा व्हिसा. दोन्ही वाचतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

साहेब कसे होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कुणी गुंड होते.

साहेब नाशिकचे. कतारात रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये सेफ्टीचे मोठे इंजिनियर. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, दोह्यात मुशैरिबला एका ऑफिसात होती. रोज गाडीने तासभर जायची, तासभर यायची. घर सांभाळायला त्यांनी मला नेलं. माझं गाव सिन्नरच्या पुढे. मी चौथी शिकलेली. नवरा वारल्यावर दिरांनी विचारलं नाही, मी पण त्यांना विचारलं नाही. साहेबांच्या घरी मी अकरा वर्षं काढली.

पहिल्याच दिवशी साहेबांनी माझा पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि कागदावर सही घेतली की पासपोर्ट मिळाला. मी म्हटलं, "माझाच आहे, त्याला सही कशाला?" ते म्हणाले, "मावशी, कागदावर नाही ते झालंच नाही." हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की माझ्या नातीशी फोनवर बोलताना माझ्याच तोंडातून निघायला लागलं.

प्लांटमध्ये एखादं यंत्र दुरुस्तीला काढलं की त्याला कुलूप लावतात आणि लाल चिठ्ठी अडकवतात, म्हणजे दुसरा कुणी ते चुकून चालू करत नाही. साहेबांनी तीच पद्धत घरी आणली. मिक्सर धुवायचा असेल तर आधी पिन काढायची, लाल चिठ्ठी अडकवायची, चिठ्ठीवर सही करायची, मग धुवायचा. इस्त्रीला तेच, गिझरला तेच. वहिनी म्हणायची, "उद्या मला पण चिठ्ठी लावतील."

एकदा मी चिठ्ठी न लावता पंख्याची पाती पुसत होते. साहेब आले, बघितलं, ओरडले नाहीत. कागद घेऊन बसले.

"मावशी, पंख्याचं मी लिहून दिलं होतं का?"

"मिक्सरचं दिलं होतं. पंख्याचं नाही."

"मग चूक माझी. काम करणाऱ्याची चूक नसते, लिहून न देणाऱ्याची असते."

"असं? मग मी भाजी करपवली तर?"

"किती मिनिटं ठेवायची ते मी लिहिलं नव्हतं."

"बरं झालं सांगितलंत. आजची गवार करपली आहे. तुम्हीच खा."

त्यांनी खाल्ली. दोनदा वाढून घेतली. माणूस बोलल्याप्रमाणे वागणारा होता, त्याचा कधी कधी वैताग यायचा.

दुसरी खोड म्हणजे कागदावर खरं लिहायचं. रजेच्या अर्जात लोक लिहितात, घरगुती कारण. साहेब एकदा इंग्रजीत लिहून आले, "बायकोचं आणि माझ्या बहिणीचं भांडण मिटवण्यासाठी." कंपनीतला मल्याळी क्लार्क वहिनीला बाजारात भेटला तेव्हा विचारायला लागला, मिटलं का. वहिनी दोन दिवस बोलली नाही साहेबांशी.

आता रिव्हॉल्व्हर.

साहेबांचे आजोबा जंगल खात्यात रेंजर होते, पेठ-सुरगाण्याकडे. सरकारी परवान्याचं एक रिव्हॉल्व्हर त्यांच्या कमरेला असायचं. त्यांनी जन्मात तीन गोळ्या उडवल्या, तिन्ही वर आभाळात. बाकी त्या रिव्हॉल्व्हरने त्यांनी सुपाऱ्या फोडल्या, खुंट्या ठोकल्या, आणि अशीच एक खुंटी ठोकताना त्याची लाकडी मूठ फुटली. फुटलेली लाकडं कुणीतरी बंबात घातली. आजोबा गेले, मग वडील गेले, परवाना संपला. रिव्हॉल्व्हर नाशिकला परवानावाल्या बंदुकीच्या दुकानात जमा झालं. ते साहेबांना स्वतःच्या नावावर करून घ्यायचं होतं आणि पहिल्यासारखं करायचं होतं.

गंज काढणं, आतलं काम बघणं, हे दुकानातला मिस्त्री करायचा. साहेब वर्षाला महिनाभर रजेवर जायचे, त्यातले निम्मे दिवस त्या मिस्त्रीसमोर स्टुलावर बसून असायचे. हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून हात मांडीखाली घालून बसायचे. हे मला वहिनीने सांगितलं. मूठ मात्र मी करणार, असं त्यांनी मिस्त्रीला बजावलं होतं. मूठ म्हणजे नुसतं लाकूड, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

तर वर्षातले उरलेले अकरा महिने अल खोरला मुठींचा कारखाना. अल खोरच्या बंदरात मासेमारीची जुनी लाकडी गलबतं असतात. एक मोडीत निघालं होतं. त्याची सागवानी फळी साहेब तिथल्या सुताराकडून खांद्यावर टाकून घेऊन आले. फळीला सुकटीचा वास. मी ती घरात घेईना. महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवली तेव्हा वास गेला. मग शुक्रवार आला की साहेब गच्चीच्या खोलीत, कानस, पॉलिशपेपर, तोंडाला फडकं. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे खाली यायचे.

मूठ व्हायची, रजेत नाशिकला जायची, मिस्त्री म्हणायचा, "साहेब, केसभर ढिली आहे," की परत. टाकून दिलेल्या मुठी फेकायच्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना त्यांनी त्याच बसवल्या. तांदळाच्या कपाटाला रिव्हॉल्व्हरची मूठ, मसाल्याच्या कपाटाला रिव्हॉल्व्हरची मूठ. हाताला छान बसायच्या, ते खोटं कशाला बोलू. वहिनी म्हणायची, "लोकांचे नवरे गल्फमधून सोनं नेतात. आमचे मुठी नेतात आणि मुठीच परत आणतात."

मी एकदा विचारलं, "साहेब, बाजारात मिळत नाही का हो तयार?"

"मिळते."

"मग?"

त्यांनी हातातली मूठ माझ्यापुढे धरली. "मावशी, आजोबांचा अंगठा जिथे लागायचा तिथे लाकूड झिजून खड्डा पडला होता. मी लहानपणी त्यात माझा अंगठा ठेवायचो. तो खड्डा बाजारात मिळत नाही."

"झिजलेलं नव्याने कसं करणार तुम्ही?"

"तेच तर जमत नाहीये."

उखळाला पडलेला खळगा काय असतो ते मला माहीत आहे.

केसभर ढिलीचं दुखणं काही संपेना, तेव्हा साहेबांनी मिस्त्रीकडून मापं लिहून आणली आणि अख्खं रिव्हॉल्व्हरच लाकडाचं केलं, म्हणजे मूठ इथल्या इथे बसवून बघता येईल. वर्ष गेलं त्यात. नळी, घोडा, सगळं सागवानी, एकजीव. त्यातून काडी उडाली नसती. पण साहेबांना अर्धवट करता येत नाही, म्हणून लोखंडाला लावायचा काळा रंग लावला. टेबलावर ठेवलं तर ओळखू येऊ नये असं झालं. वहिनी म्हणाली, "हे घराबाहेर न्यायचं नाही हं." साहेब म्हणाले, "मी कशाला नेईन?" आणि ते खरंच कधी घेऊन गेले नव्हते.

खंडेनवमीला साहेब रजा घ्यायचे. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, पुजायचं. साहेबांचं म्हणणं, ज्याच्या जिवावर पोट भरतं ते सगळं मांडायचं. मी पाट मांडून त्यावर लाल कापड घातलं. साहेबांचं हेल्मेट, पाना, गेटपास. वहिनीचा लॅपटॉप आणि गाडीची चावी. माझा मिक्सर, विळी, पोळपाट-लाटणं. आणि मधोमध ते लाकडी रिव्हॉल्व्हर, आजोबांच्या रिव्हॉल्व्हरच्या जागी. सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांना झेंडू. मिक्सरला हार. वहिनीने फोटो काढून नाशिकच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी दसरा, पण कतारात सुट्टी नाही. बस पाचला. पूजा उचलायची आमची एक पद्धत आहे. एकेक वस्तू काढत पूजा मोडायची नाही, एका दमात सगळं उचलायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. आईने शिकवलेलं. मी तसंच केलं. वहिनीचं वहिनीच्या टेबलावर, माझं ओट्यावर, साहेबांचं साहेबांच्या पिशवीत. हेल्मेट, पाना, रिव्हॉल्व्हर. गेटपास त्यांच्या गळ्यात घातला. माझ्या लेखी ते लाकूड होतं. पोळपाटाला कुणी घाबरतं का?

साहेब पिशवी बघायचे नाहीत. पिशवी भरणं माझं काम, आणि तसं लिहून दिलेलं होतं.

सात वाजता वहिनी अर्ध्या रस्त्यातून परत आली. दारातच तिने विचारलं, "मावशी, ह्यांच्या पिशवीत काय भरलंत?"

"पूजेतलं. का?"

ती चपला न काढता जमिनीवर बसली. मला म्हणाली, साहेबांना गेटवर धरलं, आता अल खोरच्या पोलीस स्टेशनात आहेत. आणि वर अजून एक. कंपनीने कालचा रजेचा अर्ज काढून पोलिसांना दिला होता. साहेबांनी नेहमीप्रमाणे खरं कारण लिहिलं होतं, शस्त्रपूजा. काल माणूस हत्याराची पूजा करायला सुट्टी घेतो आणि आज हत्यार घेऊन गॅसच्या प्लांटवर येतो. पोलिसांनी काय समजायचं?

"लाकडाचं आहे हे कळलं की सोडतील," मी म्हटलं.

"लाकडाचं आहे हे कळलंय त्यांना. आत कुणाला भीती दाखवायला नेत होता, ते विचारतायत. पिशवीत कुणी ठेवलं ते विचारतायत. हे सांगतायत, मीच ठेवलं."

"खोटं आहे ते."

"तुमचं नाव काढायचं नाही असा निरोप दिलाय त्यांनी. मावशी, तुमचं नाव आलं तर तुम्हाला परत पाठवतील. परत येता येणार नाही."

माझी नात तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं सगळं माझ्यावर. मला परत पाठवलं असतं तर तिचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "नाव माझं आहे. काढायचं की नाही ते मी बघेन." चांगलं लुगडं नेसले, पासपोर्ट घेतला, गाडीत बसले. वहिनी गाडी चालवता चालवता म्हणाली, "मला नवरा पण हवाय आणि तुम्ही पण हव्या आहात." मी म्हटलं, "रस्त्याकडे बघा."

पोलीस स्टेशनात एक कतारी अधिकारी होता, तरुण, इस्त्रीचा. भाषा समजवायला उर्दू बोलणारा एक हवालदार. मला हिंदी येतं ते बाजारापुरतं.

मी म्हटलं, "वो मैंने रखा."

हवालदार म्हणाला, "अम्मा, सोच के बोलो. क्यों रखा?"

"पूजा उठाया. सबका सबको दिया. साब का साब को दिया."

"बंदूक की पूजा?"

"बंदूक का, हेल्मेट का, मिक्सर का."

"मिक्सर?"

"मिक्सर. चटणी करता नाय का? उसको भी हार डाला."

हवालदाराने अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला, म्हणजे पुरावा दाखव. वहिनीने फोनमधला फोटो काढून दिला. अधिकाऱ्याने तो मोठा करून बघितला. हेल्मेटवर कुंकू, लॅपटॉपवर कुंकू, हार घातलेला मिक्सर, लाटण्याला झेंडू, आणि मधे ते. बराच वेळ बघितलं. मग आतल्या खोलीतून दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावून त्याला दाखवलं. दुसऱ्याने मिक्सरवर बोट ठेवून काहीतरी विचारलं.

"पूछते हैं, झाड़ू को भी करते हो?" हवालदार म्हणाला.

"वो दिवाळी में," मी म्हटलं.

साहेबांना बाहेर आणलं. सकाळपासून बसवलेलं, शर्टाला कुंकू लागलेलं. मला बघून खूश व्हायचं सोडून चिडले.

"मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"पिशवी मी भरली म्हणून आले."

"पूजा कशी उचलायची हे मी लिहून दिलं होतं का?"

"पूजा कशी उचलायची हे मला तुम्ही शिकवणार?"

"लिहून दिलं होतं का, ते सांगा!"

"नव्हतं दिलं!"

"मग चूक माझी!"

"साहेब, इथे तुमची मिक्सरची चिठ्ठी चालायची नाही. हात माझा होता."

"हात तुमचा असेल, पद्धत माझी—"

वहिनी दोघांवर खेकसली, "अहो, गप्प बसा दोघं! हे घर आहे का?"

अधिकाऱ्याने हवालदाराला विचारलं, भांडण कशावरून आहे. त्याने काय सांगितलं ते त्याने नंतर आम्हाला पण ऐकवलं: "मैंने कहा, साब, इधर रोज़ लोग आते हैं, बोलते हैं मैंने नहीं किया. ये दो पहले हैं जो लड़ रहे हैं कि मैंने किया."

अधिकारी हसला नाही. पण पेन उचललं आणि म्हणाला, "खलास."

सुटलो असं वाटलं, तर साहेब अडले. जबानीचा कागद अरबीत होता. जे वाचता येत नाही त्यावर सही करणार नाही म्हणाले. वहिनीने कपाळावर हात मारला. मग तो कागद दुसरीकडून इंग्रजीत होऊन येईपर्यंत आम्ही तिघं बाकावर. साहेबांचा डबा टेबलावर पडून होता, तो हवालदाराने आणून दिला. आम्ही तिथेच खाल्ला. कागद आल्यावर साहेबांनी दोनदा वाचला, एक चूक काढली, मग सही केली. लाकडी रिव्हॉल्व्हर पोलिसांनी ठेवून घेतलं. कागदात लिहिलं होतं की ते साहेबांच्या ताब्यात होतं आणि साहेबांच्या निष्काळजीपणाने गेटवर आलं. माझं नाव कागदात कुठेच नव्हतं. साहेबांनी ते मुद्दाम दोनदा बघून घेतलं होतं. चूक काढली ती तीच होती, माझं नाव.

घरी आल्यावर जेवायच्या आधी त्यांनी लिहिलं, "पूजा उचलणे." सात कलमं. पाचवं कलम, पूजेतली वस्तू कामाच्या पिशवीत ठेवण्याआधी पिशवीच्या मालकाला दाखवणे. मी सही केली. करताना रडू आलं, पण ते मी त्यांना दिसू दिलं नाही.

गेटपास परत मिळाला नाही. दोन महिने साहेब घरी बसले. गच्चीवर गेले नाहीत. मग कंपनीने कळवलं की करार पुढे वाढवणार नाही. कारण लिहिलं नव्हतं. साहेबांना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला, कारण न लिहिल्याचा. तीन वर्षांची नोकरी राहिली होती.

मी विचारलं, "माझ्यामुळे ना?"

"नाही म्हटलं ना मावशी. किती वेळा सांगू?"

जायच्या आधी त्यांनी माझ्यासाठी दुसरं घर बघितलं. अल खोरलाच, रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब, माणूस बंदरावर हिशेबनीस. साहेबांनी त्यांना प्रश्न विचारले, लिहून आणलेले. मावशींची खोली कुठे, खिडकी आहे का, सुट्टी कोणत्या दिवशी, पासपोर्ट कुणाकडे राहणार. त्या घरच्या बाईने शेवटी विचारलं, "भाईसाब, बाई तुमची कोण लागते?" साहेब म्हणाले, "सही करा आधी." त्यांनी केली. माझ्या व्हिसाची त्यांच्याकडे बदली झाली. नात नर्स झाली.

नाशिकला गेल्यावर साहेबांनी परवान्याचा अर्ज केला. त्यात विचारलं होतं, पोलिसांनी कधी ताब्यात घेतलं होतं का. वहिनी म्हणाली, परदेशातलं कोण बघतंय, नाही लिहा. साहेबांनी हो लिहिलं आणि सोबत चार पानं जोडली, मिक्सरच्या फोटोसकट. अर्ज नामंजूर झाला. त्यांनी अपील केलं आहे. रिव्हॉल्व्हर अजून दुकानातच आहे. मूठ बसली म्हणे, अंगठ्याच्या खड्ड्यासकट. मिस्त्रीने बसवली, साहेब स्टुलावर बसून बघत होते.

परवा व्हिडिओ कॉल केला होता त्यांनी. केस गेले आहेत, दात नवे बसवले आहेत. मला म्हणाले, "मावशी, गुडघ्याचं औषध घेता का? लिहून ठेवा घेतल्यावर." मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

त्या सकाळी नोकरी साहेबांची गेली, माझी राहिली. ते आणि वहिनी नाशिकला असतात. मी अल खोरला आहे, कामावर.